बुडावरची अक्षरे: अमेरिकन आर्ट पॉटरी आणि तिच्या नकला

आर्ट पॉटरी म्हणजे वापरापेक्षा रूपासाठी घडवलेली मातीची भांडी. अमेरिकेत तिचा भराचा काळ १८७६ पासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा धरतात. काही कारखान्यांनी ती त्यानंतरही तीस-चाळीस वर्षे चालवली. त्याआधी अमेरिकेतील भट्ट्यांतून मुख्यतः बरण्या, बुधले, विटा आणि सांडपाण्याचे नळ निघत. दिवाणखान्यात मांडायची नाजूक भांडी इंग्लंड, फ्रान्स किंवा चीन-जपानहून येत. बरणी कुणी घडवली हे कुणी विचारत नसे. आर्ट पॉटरीने नेमके हेच बदलले. भांडे कुठे झाले, कुणी रंगवले, कोणत्या वर्षी भाजले, हे त्याच्या बुडावर कोरण्याची रीत पडली. खरे भांडे आणि नक्कल यांतला फरक सांगणारा पहिला साक्षीदार आजही ते बूडच आहे. मात्र त्याची साक्ष समजायला त्यामागचा इतिहास माहीत असावा लागतो.

सिनसिनाटीच्या स्त्रिया

स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. तिथे दोन गोष्टींनी अमेरिकन कलावंतांचे लक्ष वेधले. एक जपानी मातीकाम, आणि दुसरी फ्रान्समधील हॅविलँड कंपनीची भांडी. हॅविलँडच्या भांड्यांवरची चित्रे झिलईच्या वर नव्हती, खाली होती. झिलई म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा बसणारा थर. रंगीत मातीच्या पातळ घोळाने चित्र काढून त्यावर पारदर्शक झिलई चढवली, की रंगांना तैलचित्रासारखी खोली येई.

ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात त्या वेळी सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया चिनी मातीच्या तयार भांड्यांवर चित्रे काढायला शिकत होत्या. त्यांचा वर्ग १८७४ मध्ये बेन पिटमन यांच्या पुढाकाराने सुरू झाला होता. त्यांतल्या मेरी लुईस मॅक्लॉफ्लिन यांनी हॅविलँडची भांडी पाहिली आणि ती रीत कुणी न शिकवता स्वतः प्रयोग करून साधली. १८७९ मध्ये त्यांनी स्त्रियांचा एक पॉटरी क्लब स्थापन केला. १८८० मध्ये त्यांनी तीन फुटांहून उंच अशी ‘अली बाबा’ फुलदाणी केली.

त्याच शहरातल्या मारिया लाँगवर्थ निकोल्स यांनी १८८० मध्ये रूकवुड पॉटरी सुरू केली. वडिलांनी दिलेल्या जुन्या शाळेच्या इमारतीत भट्टी बसली, आणि माहेरच्या वाडीचे नाव कारखान्याला मिळाले. सुरुवातीची काही वर्षे तोट्याची गेली. १८८३ मध्ये विल्यम वॉट्स टेलर व्यवस्थापक झाले आणि त्यांनी हौसेच्या कामाला शिस्त लावली. कोणता आकार खपतो, कोणता नाही, याची नोंद ठेवली जाऊ लागली. त्याच वर्षी लॉरा फ्राय यांनी रंगीत घोळ फवाऱ्याने मारण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे तपकिरीतून केशरी आणि केशरीतून पिवळ्या रंगात अलगद मिसळणारी पार्श्वभूमी शक्य झाली. रूकवुडची ‘स्टँडर्ड’ नावाची मधासारख्या रंगाची झिलई याच पार्श्वभूमीवर प्रसिद्ध झाली. १८८७ मध्ये जपानचे कातारो शिरायामादानी रूकवुडमध्ये आले. फुले, पक्षी, मासे यांच्या रेखाटनात त्यांचा हात सर्वांत सफाईदार मानला जातो.

१८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रूकवुडला सुवर्णपदक मिळाले. अमेरिकन मातीकामाला घरच्या बाजारात मान मिळाला तो या परदेशी पदकानंतर. १८९२ मध्ये कारखाना माउंट ॲडम्स टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेला. पुढे हिरवट ‘सी ग्रीन’, फिकट ‘आयरिस’ आणि १९०४ मध्ये धुक्यासारखी ‘व्हेलम’ अशा झिलया आल्या. मडके चाकावर एकाने घडवायचे, चित्र दुसऱ्याने काढायचे आणि चित्र काढणाऱ्याने बुडावर आपली खूण करायची, ही रूकवुडची पद्धत बाकीच्या कारखान्यांनी कमी-जास्त प्रमाणात उचलली.

झेन्सव्हिलचे कारखाने

ओहायोतच झेन्सव्हिल गावाभोवती चांगली माती आणि नैसर्गिक वायू हाताशी होते. सॅम्युएल वेलर यांनी १८७२ मध्ये जवळच्या खेड्यात साध्या कुंड्या आणि बरण्यांपासून सुरुवात केली होती. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी लोनहुडा पॉटरीची रूकवुडच्या धर्तीवरची भांडी पाहिली. मग लोनहुडाचे विल्यम लाँग यांच्याकडून त्यांनी ती रीत मिळवली. वेलर यांच्या या तपकिरी मालाचे नाव ‘लूवेल्सा’: मुलीच्या लुईस नावाचा, वेलर या आडनावाचा आणि स्वतःच्या आद्याक्षरांचा त्यात मेळ आहे. शेजारच्या रोझव्हिल पॉटरीने १९०० मध्ये ‘रोझेन’ आणले, जे. बी. ओवेन्स यांच्या कारखान्याने ‘युटोपियन’ काढले. या तिन्ही मालांचा मूळ नमुना एकच, रूकवुड. म्हणजे एकमेकांची नक्कल या धंद्याच्या बाल्यावस्थेपासूनच होती. पण ती उघड स्पर्धा होती, आणि प्रत्येक जण आपलेच नाव बुडावर घालत होता.

वेलर यांनी फ्रान्सहून जॅक सिकार यांना आणले. १९०२ ते १९०७ या काळात सिकार यांनी केलेली ‘सिकार्डो’ भांडी मोरपिसासारखी चमकतात. आपल्या झिलईचे रहस्य ते कुणाला कळू देत नसत. त्यांचे किंवा वेलर यांचे नाव बुडाऐवजी अनेकदा अंगावरच्या नक्षीतच लिहिलेले सापडते.

हाताने चित्र काढायला वेळ लागे आणि मजुरी पडे. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर झेन्सव्हिलचे कारखाने साच्याकडे वळले. फुलापानांची उठावाची नक्षी साच्यातच असायची. कामगार ती फक्त रंगवायचे. रोझव्हिलमध्ये फ्रँक फेरेल १९१७ पासून मुख्य रचनाकार होते. त्यांच्या काळात ‘पाइन कोन’सारखे नमुने हजारोंच्या संख्येने निघाले. मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेली ही भांडी. आज सर्वांत जास्त नकला याच मालाच्या होतात. साच्यातून आलेली वस्तू पुन्हा साच्यात घालणे सोपे असते, हे त्याचे कारण.

चकाकीकडून मऊपणाकडे

बोस्टनमध्ये विल्यम ग्रूबी यांनी वेगळी वाट धरली. शिकागोच्या प्रदर्शनात फ्रेंच कुंभार ओग्युस्त देलाएर्श यांची बिनचमकीची झिलई त्यांना भावली होती. १८९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि काकडीच्या सालीसारखी गडद हिरवी, हाताला मऊ लागणारी झिलई तयार केली. चाकावरच्या भांड्यावर कलाशाळेत शिकलेल्या तरुणी मातीच्या वळ्यांनी पाने उभारत. पानाच्या कडेवर झिलई पातळ होऊन खालची माती फिकट दिसे आणि पान आपोआप उठून येई. टिफनी कंपनीने आपल्या काचेच्या दिव्यांसाठी ग्रूबीची भांडी बैठक म्हणून वापरली. इलिनॉयमध्ये विल्यम डे गेट्स यांच्या इमारतींसाठी पक्की माती भाजणाऱ्या कंपनीने ‘टेको’ हा माल काढला; ‘टेराकोटा’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरांवरून ते नाव आले. टेकोचे काही आकार शिकागोच्या वास्तुरचनाकारांनी काढले होते आणि त्यांत इमारतीच्या खांबांसारखी ठाम उभारणी दिसते.

रूकवुडमधले आर्टस व्हॅन ब्रिगल यांना कारखान्याने पॅरिसला शिकायला पाठवले होते. तिथे त्यांनी चिनी मातीकामातल्या जुन्या बिनचमकीच्या झिलया पाहिल्या. क्षयाने आजारी पडल्यावर ते कोरड्या हवेसाठी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गेले आणि १९०१ मध्ये त्यांनी स्वतःची भट्टी लावली. फुलदाणीच्या काठाला बिलगलेली जलकन्या ‘लोरेलाय’ ही त्यांची सर्वांत परिचित कृती. १९०४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते वारले. पत्नी ॲन यांनी काम पुढे चालवले, आणि ती पॉटरी हातोहात मालक बदलत २०१२ पर्यंत चालू राहिली.

शाळा, दवाखाना आणि एकटा कुंभार

न्यू ऑर्लिन्समधील सोफी न्यूकोम या स्त्रियांच्या महाविद्यालयाने १८९५ मध्ये विद्यार्थिनींना रोजगार मिळावा म्हणून पॉटरी सुरू केली. सिनसिनाटीत शिकलेल्या मेरी शीरर तिथे शिकवायला आल्या. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे चाक पुरुषाने चालवायचे आणि नक्षी स्त्रियांनी करायची. जोसेफ मेयर यांनी अनेक वर्षे भांडी घडवली आणि तरुणींनी त्यांवर दक्षिणेतली झाडे, फुले आणि चांदण्यात लोंबणारे शेवाळ कोरले. हे काम १९४० पर्यंत चालले. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्बलहेड येथे १९०४ मध्ये डॉ. हर्बर्ट हॉल यांनी मज्जाविकाराच्या रुग्णांना हाताचे काम म्हणून मातीकाम दिले. ते रुग्णांना पेलेना, पण आर्थर बॅग्ज यांच्या हाताखाली त्याचा स्वतंत्र कारखाना झाला. बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या मुलींच्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग गर्ल्स’ या मंडळातून पॉल रिव्हिअर पॉटरी निघाली; तिथल्या मुलांसाठीच्या वाडग्यांवर ससे, बदके आणि कोंबडीची पिल्ले रांगेने चालतात.

मिसिसिपीतील बिलॉक्सीचे जॉर्ज ओर याच जोसेफ मेयर यांच्याकडे चाक शिकले. त्यांची भांडी अंड्याच्या कवचाइतकी पातळ. ती ओली असतानाच ते त्यांना पिळत, दुमडत, चुण्या पाडत. दोन भांडी सारखी करायची नाहीत हा त्यांचा नेम होता. १८९४ च्या आगीत त्यांचे सारे काम जळाले, तरी त्यांनी पुन्हा उभारणी केली. त्यांच्या हयातीत फारसे काही खपले नाही. १९१८ मध्ये ते वारले, आणि हजारो भांडी कुटुंबाने पेट्यांत भरून ठेवली. सुमारे अर्ध्या शतकाने न्यू जर्सीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली. तेव्हा कुठे अमेरिकेला हा कुंभार कळला. चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी ओर यांची भांडी जमवली आणि स्वतःच्या चित्रांतही आणली.

दुसऱ्या टोकाला ॲडलेड ॲल्सॉप रॉबिनो. त्यांनी १८९९ मध्ये ‘केरॅमिक स्टुडिओ’ हे मासिक सुरू केले. १९१० मध्ये त्यांनी ‘स्कॅरब’ फुलदाणी कोरली. त्या कोरीवकामाला सुमारे एक हजार तास लागले. पहिल्या भाजणीत तिला तडे गेले. सहकाऱ्यांनी ती गेली असे मानले. रॉबिनो यांनी मात्र तडे भरले, झिलई दिली आणि ती पुन्हा भाजून अखंड बाहेर काढली. आज ती सिरॅक्यूजच्या एव्हरसन संग्रहालयात आहे.

ओहोटी आणि पुन्हा शोध

हाताच्या कामाचा खर्च, १९२९ नंतरची मंदी, युद्धातील टंचाई आणि नंतर आलेला स्वस्त आयात माल यांनी हा धंदा बसला. रूकवुडचे १९४१ मध्ये दिवाळे निघाले. पुढे ती मिसिसिपीला हलली आणि १९६७ मध्ये बंद पडली. वेलर १९४८ मध्ये आणि रोझव्हिल १९५४ मध्ये थांबले. मधल्या वर्षांत ही भांडी माळ्यावर गेली, दिव्यांसाठी त्यांना भोके पडली, अंगणातल्या विक्रीत ती चिल्लर पैशांना गेली.

१९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कला संग्रहालयात अमेरिकेतील आर्ट्स अँड क्राफ्ट्स या हस्तकलेला मान देणाऱ्या चळवळीवर प्रदर्शन झाले. १९७४ मध्ये पॉल इव्हान्स यांचा कारखानावार संदर्भग्रंथ आला. १९७९ मध्ये संग्राहकांची ‘अमेरिकन आर्ट पॉटरी असोसिएशन’ स्थापन झाली. कारखान्यांची जुनी पत्रके, आकार-क्रमांकांच्या वह्या आणि चित्रकारांच्या खुणांच्या याद्या छापल्या गेल्या. लिलावांतल्या किमती चढल्या. किमतीच्या मागोमाग नकला आल्या.

बूड कसे वाचावे

रूकवुडची खूण सर्वांत शिस्तीची. १८८६ मध्ये उलटा ‘आर’ आणि ‘पी’ ही रोमन अक्षरे पाठीला पाठ लावून ठसा झाला. १८८७ पासून दर वर्षी त्या ठशावर एक ज्योत वाढत गेली. १९०० मध्ये चौदा ज्योती झाल्या. १९०१ पासून ज्योती चौदाच राहिल्या आणि खाली रोमन अंकांत वर्ष येऊ लागले. त्याशेजारी आकाराचा क्रमांक, मापाचे अक्षर, कधी मातीचे किंवा झिलईचे अक्षर आणि चित्रकाराची खूण असते. यांतली प्रत्येक खूण दुसरीला तपासते. चित्रकार ज्या वर्षी कारखान्यात नव्हताच, त्या वर्षाच्या भांड्यावर त्याची सही असेल, किंवा आकाराचा क्रमांक नोंदीतल्या आकाराशी जुळत नसेल, तर भांडे संशयास्पद ठरते. बुडावर चाकाने घासून काढलेली फुली असेल तर कारखान्यानेच ते दोषयुक्त म्हणून कमी दराने विकलेले असते. अशा भांड्याला खोटे म्हणता येत नाही, मात्र त्याची किंमत कमी धरली जाते.

न्यूकोमच्या बुडावर ‘सी’ अक्षराच्या पोटात ‘एन’ असते. सोबत नक्षी करणारीची आद्याक्षरे, मेयर यांची अक्षरे आणि नोंदणीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून वर्ष लागते. व्हॅन ब्रिगलची खूण पती-पत्नीच्या नावांतील दोन ‘ए’ जोडून केलेली आहे. सुरुवातीच्या कृतींवर वर्ष कोरलेले असते. पण तोच ‘लोरेलाय’ साचा पुढे कित्येक दशके वापरात राहिला. म्हणून व्हॅन ब्रिगलबाबत पहिला प्रश्न काळाचा असतो. १९०२ ची आणि १९७० ची लोरेलाय दोन्ही अस्सलच. मोलात मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मातीचा रंग, झिलईचा पोत आणि बुडावरची अक्षरे सांगतात.

रोझव्हिलच्या आधीच्या अनेक मालांवर केवळ कागदी किंवा चमकदार पातळ पत्र्याची चिठ्ठी असे. ती गळून गेली की बूड कोरेच राहते. १९३० च्या दशकानंतरच्या मालावर ‘रोझव्हिल यू.एस.ए.’ ही अक्षरे, आकाराचा क्रमांक आणि इंचांतले माप कोरलेले किंवा उठावाने असते. म्हणजे कोऱ्या बुडाचे भांडे खरे असू शकते आणि ठसठशीत नाव असलेले खोटे. ज्या जुन्या नमुन्यावर कारखान्याने कधी उठावाचे नाव घातलेच नव्हते, त्यावर ते दिसले तर तोच नकलेचा पुरावा असतो.

नकलांचे प्रकार

पहिला प्रकार नव्याने बनवलेल्या मालाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चीनमध्ये तयार झालेली रोझव्हिलची नक्कल अमेरिकेच्या घाऊक बाजारात आली. मॅग्नोलिया, वॉटर लिली, पाइन कोन यांसारखे लोकप्रिय नमुने तीत होते. आयात मालावर मूळ देशाचे नाव असावे असा अमेरिकेचा कायदा १८९० पासून आहे, पण ते चिकटवलेल्या चिठ्ठीवर असले तरी भागते. चिठ्ठी सोलली की बुडावर उरते ते फक्त ‘रोझव्हिल’. सुरुवातीच्या नकलांवर ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे नव्हती, आणि हीच त्यांची ओळख सांगितली जाई. ही ओळख पसरल्यावर पुढच्या नकलांवर ती अक्षरे आली, बहुधा पुसट. म्हणून एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. खऱ्या मालातली पाने आणि पाकळ्या धारदार असतात, रंग एकमेकांत हळूच मिसळतात, बुडाची कड स्वच्छ पुसलेली असते. नकलेत उठाव बोथट, रंग भडक किंवा चुकीच्या जागी, कान जाडे आणि बुडावर झिलईचे ओघळ दिसतात.

दुसरा प्रकार खऱ्या भांड्यावरून काढलेल्या साच्याचा. माती वाळताना आणि भाजताना आकसते. मातीच्या जातीनुसार हे आकसणे कमी-जास्त असते, पण दहा टक्क्यांच्या आसपास धरायला हरकत नाही. तयार भांड्याचाच साचा घेतला तर त्यातून निघणारे भांडे तेवढ्याने लहान होते. रोझव्हिलच्या बुडावरचे माप इथे उपयोगी पडते. बुडावर आठ इंच लिहिलेले आणि पट्टीने सव्वासात भरले, तर ते मूळ साच्यातले नव्हे. नकलाकार बुडाची अक्षरे जशीच्या तशी उतरवतो, पण मातीचे आकसणे त्याच्या हातात नसते. संदर्भग्रंथातली उंची आणि रुंदी सोबत ठेवून मोजणे ही म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि भरवशाची परीक्षा आहे.

तिसरा प्रकार नावाच्या उचलेगिरीचा. ओहायोतील मॅकॉय कंपनी बिस्किटांच्या बरण्यांसाठी प्रसिद्ध होती आणि ती १९९० मध्ये बंद झाली. तिच्या नावाचे कायदेशीर रक्षण झालेले नसल्यामुळे दुसऱ्या उत्पादकांनी १९९० च्या दशकात त्याच नावाचा ठसा वापरून बरण्या काढल्या. त्यांतले काही आकार मॅकॉयने कधी केलेच नव्हते. अशा वेळी प्रश्न ‘नाव आहे का’ हा नसून ‘या कारखान्याने ही वस्तू केली होती का’ हा असतो, आणि त्याचे उत्तर जुन्या पत्रकांत मिळते.

चौथा प्रकार पुनरुत्पादनाचा. १९८० च्या दशकात रूकवुडच्या नव्या मालकाने जुन्या साच्यांतून काही वस्तू काढल्या. त्यांच्यावर त्या त्या वर्षाची खूण आहे. पुढे सिनसिनाटीत रूकवुड पुन्हा उभी राहिली आणि आज ती नवे काम करते. डेट्रॉइटची पेवाबिक पॉटरी १९०३ पासून आहे आणि आजही भट्टी पेटवते. या वस्तूंत फसवणूक नाही. फसवणूक होते ती वर्षाची खूण घासून किंवा झाकून ती जुनी म्हणून विकली जाते तेव्हा. बुडावर घासल्याचा चरा, आम्लाने मेलेली चमक किंवा ठशाच्या जागीच नेमका रंगाचा ठिपका दिसला तर ती जागा भिंगाखाली पाहावी.

पाचवा प्रकार सर्वांत कठीण, कारण त्यात भांडे खरेच असते. ओर यांच्या पेट्यांत झिलई न दिलेली, एकदाच भाजलेली पुष्कळ भांडी होती. त्यांतल्या काहींवर नंतरच्या लोकांनी झिलई चढवून ती पुन्हा भाजली, कारण झिलईदार ओर बाजारात जास्त मोलाचे. माती ओर यांची, सही ओर यांची, रंग मात्र दुसऱ्याचा. अशी झिलई ओर यांच्या पातळ, ठिपकेदार, जिवंत झिलईशेजारी जाड आणि एकसुरी दिसते. ही नजर पुस्तकाने येत नाही, खरी भांडी पाहून येते. बिना झिलईची भांडी ओर स्वतः कमी मानत नसत, हे लक्षात घेतले तर या प्रकारातले नुकसान पैशांपेक्षा मोठे आहे.

दुरुस्तीची तपासणी

नक्कल नसलेले भांडेही दुरुस्त केलेले असू शकते. काठाचा उडालेला टवका भरून वर रंग आणि लाख मारली की साध्या उजेडात काही कळत नाही. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरतात. नवा रंग आणि भरणी झिलईपेक्षा वेगळ्या छटेने उजळतात. भरलेली जागा बोटाला झिलईपेक्षा उबदार आणि किंचित चिकट लागते. भांडे तळहातावर ठेवून काठाला नखाने हलकी टिचकी मारली तर अखंड भांडे घुमते आणि तडकलेले बद्द वाजते. दोन्ही तळव्यांनी काठ चाचपला, तर डोळ्याला न दिसलेली केसाएवढी रेघही हाताला कळते.

झिलईतले जाळे वेगळे. माती आणि झिलई थंड होताना सारख्या आकसत नाहीत, म्हणून झिलईला बारीक जाळीदार भेगा पडतात. जुन्या तपकिरी भांड्यांत ते नेहमीचे आहे आणि त्याला दोष मानत नाहीत. पण चित्रावर ते फार उठून दिसले तर किंमत उतरते. हे जाळे जुनेपणाचा पुरावाही नव्हे. नव्या झिलईतही ते पाडता येते आणि चहाच्या पाण्याने काळवंडवता येते. खरा मळ बुडाच्या कडेवर, कानांच्या आतल्या बाजूला आणि जिथे भांडे वर्षानुवर्षे टेकले तिथे असतो. घासल्याच्या खुणाही तिथेच आणि सर्व दिशांना असतात.

बुडाला भोक दिसले तर ते केव्हाचे हे पाहावे. काही कारखाने दिव्यांसाठीच भांडी करत. अशा भोकाच्या कडेला आतपर्यंत झिलई गेलेली असते. नंतर पाडलेल्या भोकात कोरडी, ओबडधोबड माती दिसते. पहिले मूळ रचनेचा भाग आहे आणि दुसरे इजा.

संग्राहकाची शिस्त

या परीक्षा एकेकट्या अपुऱ्या आहेत. ठसा, आकार, माप, वजन, मातीचा रंग, झिलई, नक्षीची धार आणि झिजेच्या जागा या सगळ्यांची गोष्ट एकच असायला हवी. एक जरी विसंगत निघाली, तर बाकीच्यांकडे पुन्हा पाहावे लागते. म्हणून अनुभवी संग्राहक एका कारखान्यापासून किंवा एका काळापासून सुरुवात करतात. सिनसिनाटीचे कला संग्रहालय, न्यू ऑर्लिन्समधील न्यूकोम संग्रहालय, बिलॉक्सीचे ओर-ओकीफ संग्रहालय आणि न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन इथे खरी भांडी पाहायला मिळतात. लिलावाआधी माल मांडला जातो तेव्हा ती हातात घेता येतात, आणि वजनाची ओळख हातालाच होते. खरेदीच्या पावतीवर कारखान्याचे नाव, अंदाजे वर्ष आणि दुरुस्ती असल्यास तिचा उल्लेख लेखी मागणे रास्त आहे. प्रामाणिक विक्रेता ते आनंदाने लिहून देतो. पूर्वीच्या मालकाची पावती, लिलावाची चिठ्ठी किंवा प्रदर्शनाचे लेबल भांड्याबरोबर जपून ठेवावे. पुढच्या माणसासाठी तोही बुडावरच्या अक्षरांसारखाच पुरावा असतो.

मॅक्लॉफ्लिन, शिरायामादानी, मेयर आणि ओर यांच्या पिढीने भांड्यामागे माणूस असतो हे दाखवले आणि ते बुडावर लिहून ठेवले. नक्कल ओळखणे म्हणजे ती अक्षरे लक्ष देऊन वाचणे, आणि ज्याने काम केले त्याचेच नाव त्या कामावर राहू देणे.